भांडी बाजारातलं पत्रक आणि न उघडणारा क्यूआर कोड: नाशिकमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. गल्ल्यावर आता तिसरी पिढी बसते. दुकानाचं आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत.

या धंद्याचा मोठा गल्ला दसरा ते धनत्रयोदशी या साधारण १८ दिवसांत जमतो. धनत्रयोदशीला निदान एक तांब्या तरी नवा घ्यायचा, ही रीत अजून टिकून आहे. याच दिवसांत मोडीचा व्यवहारही जोरात चालतो. घरातली जुनी पातेली, घंगाळं, बंब वजनावर द्यायचे आणि त्या रकमेत नवी भांडी घ्यायची. दुकानाला यात दुहेरी फायदा असतो, कारण मोड घेऊन आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नाही.

अडचण अंतराची होती. माळ्यावर पितळ पडून असलेली कुटुंबं आता सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिकरोड इथल्या फ्लॅटमध्ये राहतात. भांडी बाजार आणि सराफ बाजार गोदाकाठच्या जुन्या गावठाणात, अरुंद गल्ल्यांत. सणाच्या दिवसांत रविवार कारंजाच्या आसपास गाडी लावायला जागा मिळत नाही. भाव किती मिळणार हे माहीत नसताना बारा-पंधरा किलोचं घंगाळ घेऊन तिथवर कोण येणार? दुकानदाराचा विचार साधा आणि बरोबर होता: लोकांनी घरबसल्या भांड्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा, दुकानाने अंदाजे भाव कळवावा, पटलं तर माणूस गाडी काढेल. फोटोपर्यंतची वाट सोपी करायला जाहिरातीवर क्यूआर कोड टाकायचं ठरलं.

जाहिरातीचा पसारा असा होता: पेपरात घालून वाटायची १२,००० पत्रकं, ७० जीएसएम वजनाच्या मॅपलिथो कागदावर रंगीत छापलेली, एका दैनिकात ८ बाय १० सेंटिमीटरची जाहिरात, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांजवळ आणि ओळखीच्या किराणा दुकानांत लावायला २५ सनबोर्ड (फोमचे हलके, कडक फलक), आणि ३० रिक्षांच्या मागच्या बाजूला फ्लेक्स.

अडचण

दसऱ्यानंतरच्या रविवारी ८,००० पत्रकं वाटली गेली आणि दैनिकातली जाहिरातही त्याच दिवशी आली. बुधवार संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर ११ संदेश आले. त्यातले चार दुकानाच्याच नातेवाइकांचे, कोड चालतो का ते पाहायला पाठवलेले. फोन मात्र बरेच आले होते, आणि फोन करणाऱ्यांपैकी अनेकांचं पहिलं वाक्य एकच: "ते स्कॅन होत नाही हो, भाव फोनवरच सांगा."

दुकानात पहिली समजूत झाली ती अशी की आपलं गिऱ्हाईक वयस्कर, त्यांना स्कॅनिंग जमत नाही. ही समजूत तिथेच थांबली असती तर पुढचे दोन आठवडे वाया गेले असते. ती खोडून काढणारी गोष्ट गल्ल्यावरच होती. तीच वयस्कर माणसं समोरचा पेमेंटचा कोड स्कॅन करून बिल चुकतं करत होती.

मग एक साधी चाचणी झाली. दुकानात आलेल्या दहा जणांच्या हातात पत्रक देऊन "हे जरा स्कॅन करून बघा" एवढंच सांगितलं आणि काही न बोलता पाहिलं. दहापैकी सात जणांनी कॅमेरा उघडलाच नाही. आधी पेमेंट ॲप उघडलं. ॲपने हा पेमेंटचा कोड नाही असं सांगितलं किंवा नुसतंच शोधत राहिलं. एका आजींनी फोन मागे घेतला आणि विचारलं, "पैसे तर जाणार नाहीत ना माझे?" ज्या तिघांनी कॅमेरा वापरला, त्यातल्या एकालाच कोड उघडला, तोही पत्रक उजेडात नेऊन, हात स्थिर धरून, तिसऱ्या खेपेला.

म्हणजे कोड वाचता येत नव्हता ही एक अडचण, आणि लोक चुकीच्या ठिकाणी स्कॅन करत होते ही दुसरी. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे असतात. म्हणून हातात पत्रक देऊन गप्प उभं राहण्याची ही अर्ध्या तासाची चाचणी या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम होतं असं आम्ही मानतो.

कोड वाचला का जात नव्हता

कोडमधल्या एका बारीक चौकोनाला मॉड्यूल म्हणतात. इथे आपण त्याला घर म्हणू. सर्वांत लहान क्यूआर कोड २१ बाय २१ घरांचा, सर्वांत मोठा १७७ बाय १७७ घरांचा. मधल्या प्रत्येक आवृत्तीला बाजूला चार घरं वाढतात. कोडमध्ये मजकूर जितका लांब, तितकी घरं जास्त. आणि छापलेली जागा तेवढीच राहिली तर प्रत्येक घर तितकं बारीक.

दुकानदाराच्या पुतण्याने कोड एका मोफत संकेतस्थळावर बनवला होता. त्यात थेट व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा होता आणि गिऱ्हाइकाला काही लिहावं लागू नये म्हणून मराठी संदेश आधीच भरलेला होता: "नमस्कार, माझ्याकडे जुनी पितळी भांडी आहेत. मोडीचा भाव कळवा." कल्पना चांगली, आपुलकीची. घोळ मात्र इथेच झाला.

देवनागरी मजकूर दुव्यात जसाच्या तसा जात नाही. प्रत्येक देवनागरी चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय लिपी-संकेतात तीन बाइटचं असतं आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. इथे चिन्ह म्हणजे अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजायचं. "नमस्कार" या एका शब्दात अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे ६३ अक्षरं. वरच्या संदेशात ४७ चिन्हं भरतात. त्यांची ४२३ अक्षरं. आठ मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम (यांचीही प्रत्येकी तीन अक्षरं होतात) आणि दोन पूर्णविराम धरून ४५२. दुव्याचा मूळ भाग, देशाच्या कोडसह दहा आकडी नंबर धरून, ३२ अक्षरांचा. एकूण ४८४. संदेश गाळून दुव्यात नुसता नंबर ठेवला असता तर २६ अक्षरांत काम भागलं असतं.

त्यात डिझायनरने कोडच्या मधोमध समईचं चित्र बसवलं. चित्राखाली झाकलेला भाग भरून निघावा म्हणून चूक-दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची ठेवली. क्यूआर कोडला अशा चार पातळ्या असतात. त्या अनुक्रमे साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसतात. ही सोय फुकट मिळत नाही, तिच्यासाठी जादा घरं लागतात. ४८४ अक्षरं मधल्या १५ टक्क्यांच्या पातळीवर ८५ बाय ८५ घरांत मावली असती. ३० टक्क्यांच्या पातळीवर ११३ बाय ११३ घरं लागली.

पत्रकावर कोड २५ मिलिमीटर रुंद होता. २५ भागिले ११३, म्हणजे एक घर ०.२२ मिलिमीटरचं. दैनिकात कोड २२ मिलिमीटरचा, म्हणून घर ०.१९ मिलिमीटरच्या आसपास. वर्तमानपत्राच्या छपाईत इंचाला १०० ओळींची जाळी (छपाईच्या ठिपक्यांची मांडणी) धरली तर जाळीचा एक ठिपकाच ०.२५ मिलिमीटर जागा घेतो. घर ठिपक्याहून लहान असेल तर ते घर म्हणून छापलं जाणार कसं? शिवाय न्यूजप्रिंटवर शाई पसरते, काळी घरं फुगतात आणि मधली पांढरी बुजतात.

भिंग लावून पत्रक पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. काळ्या घरांच्या एका कडेला निळसर आणि दुसऱ्या कडेला गुलाबी रेघ होती. कोड व्हॉट्सअ‍ॅपवरून जेपीजी म्हणून डिझायनरकडे आला होता. पाठवतानाच तो दाबला गेला, कडा करड्या झाल्या. नंतर फाइल छपाईच्या चार रंगांत बदलताना पडद्यावरचा काळा चारही शाईंत विभागला गेला. मशीनवर रंगांचं रजिस्ट्रेशन (चारही रंग एकमेकांवर नेमके बसणं) केसभर जरी सुटलं तरी मोठ्या अक्षरांना फरक पडत नाही, ०.२२ मिलिमीटरच्या घराला मात्र पडतो. मोठ्या अक्षरांतला मजकूर स्वच्छ दिसत होता म्हणून प्रेसमध्येही कुणाला शंका आली नाही.

आणखी दोन चुका. पत्रक पेपरात घालताना मधोमध घडी पडते आणि घडी नेमकी कोडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या मोठ्या चौकोनावरून जात होती. तीन कोपऱ्यांतले ते तीन मोठे चौकोन पाहूनच फोन कोड ओळखतो. चूक-दुरुस्ती मजकुराच्या घरांसाठी असते, त्या चौकोनांना तिचा आधार नाही. त्यामुळे मजकुरावरून गेलेली घडी बऱ्याचदा खपून जाते, कोपऱ्यावरून गेलेली नडते. आणि कोडभोवती चारही बाजूंना चार घरांएवढी कोरी जागा लागते, तिथे डिझायनरने तोरणाची नक्षी आणून टेकवली होती.

सनबोर्डांचा कोड वेगळाच होता. तो फ्लेक्सवाल्याने स्वतः बनवून दिला होता, मरून पार्श्वभूमीवर सोनेरी घरांचा. दिसायला देखणा. पण क्यूआर कोड फिक्या जागेवर गडद घरं असं गृहीत धरतो. उलटा कोड काही फोन वाचतात, काही वाचत नाहीत. या कोडमधली दुसरी मेख तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. ती पुढे येईल.

समोर असलेले पर्याय

धनत्रयोदशीला दोन आठवडे उरले होते. ४,००० पत्रकं अजून वाटायची होती.

पहिला पर्याय: कोड सोडून द्यायचा आणि मोठ्या अक्षरांत फोन नंबर छापायचा. हा पर्याय कमी लेखण्यासारखा नव्हता, फोन येतच होते. पण फोनवर भांडं दिसत नाही. पितळ की तांबं की कासं, कल्हई आहे का, बुडाला लोखंडी पट्टी आहे का, हे विचारत बसण्यात एका फोनला सात-आठ मिनिटं जात होती. नंबर ठेवायचा, पण त्याच्यावर विसंबायचं नाही, असं ठरलं.

दुसरा: तोच व्हॉट्सअ‍ॅप दुवा, संदेशाशिवाय. २६ अक्षरं २५ बाय २५ घरांच्या कोडमध्ये १५ टक्क्यांच्या पातळीवर बरोबर मावतात. खर्च शून्य आणि एका तासाचं काम. उणीव अशी की कोण कुठल्या भागातून आलं ते कळत नाही, आणि कोड एकदा छापला की त्यातला नंबर बदलता येत नाही.

तिसरा: कोड पुरवणाऱ्या कंपनीची वार्षिक वर्गणी. त्यात कोडमध्ये त्यांचा छोटा दुवा असतो आणि तो शेवटी कुठे जाईल हे मागाहून बदलता येतं. सोय आहे, पण वर्गणी थांबली की छापून बाहेर गेलेला प्रत्येक कागद मुका होतो.

चौथा: दुकानाच्या स्वतःच्या डोमेनवर छोटा दुवा. दुकानाकडे १४ अक्षरांचं डोमेन होतं, वर्षानुवर्षं पैसे भरून नुसतंच ठेवलेलं. सुरक्षित दुव्याची आठ अक्षरं, डोमेनची १४, एक तिरपी रेघ आणि भागाची दोन अक्षरी खूण: एकूण २५. तीच २५ बाय २५ घरं, आणि ताबा सगळा स्वतःकडे.

चौथा पर्याय घेतला गेला. त्यावर एक प्रश्न उरला: दुवा सरळ व्हॉट्सअ‍ॅप उघडेल की मध्ये एक पान दाखवेल? दुकानदाराचं म्हणणं, मधलं पान म्हणजे गिऱ्हाइकाला एक जादा टप्पा. बोलणं रास्त आहे, प्रत्येक टप्प्यावर काही माणसं गळतातच. तरीही पान ठेवलं, कारण स्कॅन केल्यावर एकदम व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर "पैसे जाणार नाहीत ना" ही भीती तशीच राहते. दुकानाचा ओळखीचा दर्शनी फोटो आणि नाव दिसलं की माणूस सैल होतो. पानावर मोठी दोन बटणं ठेवली: "भांड्याचा फोटो पाठवा" आणि "फोन करा". बाकी पत्ता, नकाशा आणि दुकानाची वेळ. पुतण्याचा तो मराठी संदेश जसाच्या तसा पहिल्या बटणामागे बसवला. तिथे तो ४५२ अक्षरांचा असला तरी कुणाचं काही अडत नाही.

काय केलं

नवा कोड एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे कितीही मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतील असा, घेतला. डिझायनरने तो कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून प्रत्येक घराला फक्त शंभर टक्के काळी शाई दिली, इतर तिन्ही रंग शून्य. खाली नक्षी नाही, रंग नाही, कोरा पांढरा चौकोन. समई कोडमधून काढून शेजारी ठेवली. रुंदी तीच २५ मिलिमीटर, पण आता एक घर पूर्ण १ मिलिमीटरचं झालं. चारही बाजूंना ४ मिलिमीटर कोरी जागा धरून एकूण ३३ मिलिमीटरचा चौकोन. तो घडीपासून दूर, पत्रकाच्या खालच्या अर्ध्यात उजवीकडे बसवला.

फक्त काळी शाई वापरण्याचा आणखी एक फायदा निघाला. नवी १०,००० पत्रकं चार भागांसाठी अडीच-अडीच हजारांच्या गठ्ठ्यांत छापायची होती आणि प्रत्येक भागाचा कोड वेगळा ठेवायचा होता. कोड एकाच शाईत असल्यामुळे निळी, गुलाबी, पिवळी प्लेट तीच राहिली. काळी तेवढी चार वेळा बदलली.

कोडशेजारच्या मजकुरावर कोडपेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. शेवटी तीन ओळी ठरल्या:

"फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा, पेमेंट ॲपने नको.
पैसे लागत नाहीत.
भांड्याचा फोटो पाठवा, भाव कळवतो."

त्याखाली दुव्याचा पत्ता वाचता येईल असा छापला आणि फोन नंबर त्याहून मोठा. पत्ता छापण्याचं कारण दुहेरी. कोड उघडला नाही तर टाइप करता येतो; आणि स्कॅन केल्यावर पडद्यावर दिसणारा पत्ता तोच आहे का हे ताडून पाहता येतं. नोटीस बोर्डावरच्या कोडवर कुणी आपला कोड चिकटवला तर एवढ्यावरूनच ते कळू शकतं.

पेमेंट ॲपच्या सवयीला दोष देण्यात अर्थ नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि त्यानंतर भाजीच्या गाडीपासून मिसळीच्या हॉटेलापर्यंत आपल्याकडे चौकोनी कोड म्हणजे पैसे, हेच डोक्यात बसलं. आयफोनच्या कॅमेऱ्यात २०१७ पासून कोड वाचण्याची सोय आहे, अँड्रॉइडवर कॅमेरा किंवा गूगल लेन्स ते काम करतं, पण रोज वापरात असतो तो पेमेंटचा स्कॅनर. म्हणून दुकानात जाहिरातीचा कोड गल्ल्यावरून हलवून भांड्यांच्या फळीजवळ लावला. आधी दोन्ही कोड वीतभर अंतरावर होते आणि कॅमेरा कधी हा, कधी तो पकडत होता.

छपाईआधीची चाचणी प्रेसच्याच कागदावर झाली. मशीन लावल्यावर निघालेल्या पहिल्या वीस-पंचवीस रद्दी प्रतींवर सहा फोन वापरून पाहिले, त्यात मुद्दाम दोन जुने, स्वस्त आणि एक काचेला तडा गेलेला. ट्यूबलाइटखाली, पिवळ्या दिव्याखाली, पत्रकाची घडी घालून उघडून. प्रत्येक फोनला कोड एका दमात वाचता आला तरच पुढची छपाई, अशी अट होती.

शिल्लक ४,००० जुन्या पत्रकांवर जुन्या कोडवर बसेल असं ३५ मिलिमीटरचं पांढरं स्टिकर लावलं. दोन मुलं दीड दिवस तेच करत बसली. ती पत्रकं रद्दीत घालून नवी छापणं कदाचित स्वस्त पडलं असतं.

मधल्या दुव्याची पुनर्निर्देशनाची (दुवा उघडणाऱ्याला पुढच्या पानावर पाठवण्याची) पद्धत तात्पुरती, म्हणजे ३०२ क्रमांकाची ठेवली. कायमची, ३०१ ची ठेवली तर फोनचा ब्राउझर ती लक्षात ठेवतो. पुढे पान बदललं तरी जुना फोन जुन्याच पानावर जाऊ शकतो आणि मोजणीतूनही सुटतो.

पाच दिवस उरले असताना

पत्रकांचा प्रश्न सुटल्यावर सगळे निर्धास्त झाले. दसऱ्यानंतरच्या तेराव्या दिवशी इंदिरानगरमधल्या एका किराणा दुकानदाराचा फोन आला: "तुमच्या बोर्डावरचा कोड उघडला की इंग्रजीत काहीतरी येतंय, बंद झालाय म्हणे."

फ्लेक्सवाल्याने बनवलेला सोनेरी कोड मोफत चाचणीच्या खात्यावर होता. मुदत १४ दिवस. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तयार झालेला, तो धनत्रयोदशीला पाच दिवस असताना मेला. कोड २५ सनबोर्डांवर होता आणि ३० रिक्षांवरही तोच. खातं फ्लेक्सवाल्याकडच्या एका मुलाच्या ईमेलवर होतं आणि तो मुलगा सुटीवर गावाला गेलेला.

दोन पर्याय होते. त्या कंपनीची वर्गणी भरून कोड जिवंत करायचा, किंवा सगळीकडे नवा कोड चिकटवायचा. वर्गणी भरणं झटपट झालं असतं, पण खात्यात शिरता येत नव्हतं आणि कोड उलट्या रंगाचा होता तो होताच. स्टिकर ठरलं. सनबोर्डांसाठी १२ सेंटिमीटरचा कोड, मॅट लॅमिनेशनवर. चकचकीत लॅमिनेशनवर जिन्यातल्या दिव्याचा झोत पडून कोडचा एक कोपरा पांढरा होतो, हे आधीच्या बोर्डांवर दिसलं होतं. एका रात्रीत आणि दुसऱ्या सकाळी २५ पैकी २३ बोर्ड गाठले. दोन सोसायट्यांनी आधीच काढून टाकले होते.

रिक्षांच्या बाबतीत निर्णय वेगळा झाला आणि तो आम्हाला मनापासून पटतो. साधारण २५ घरांच्या कोडला रुंदीच्या दहापट अंतर हा हिशेब धरतात. रिक्षाच्या मागचा ८ सेंटिमीटरचा कोड जेमतेम ८० सेंटिमीटरवरून वाचता येतो. म्हणजे तो स्कॅन करायला मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराने एका हातात फोन धरून रिक्षाला जवळजवळ टेकायला हवं. द्वारका चौकातल्या रहदारीत अशी जाहिरात लावणं म्हणजे कुणाला तरी जिवाशी खेळायला सांगणं आहे. मागचा कोड पट्टीने झाकून तिथे मोठ्या अक्षरांत "जुनं पितळ द्या, नवं भांडं घ्या" आणि फोन नंबर ठेवला. सापडलेल्या २२ रिक्षांवर हे झालं. त्यातल्या दहा रिक्षांमध्ये आतल्या बाजूला, चालकाच्या सीटमागे, प्रवाशाच्या समोर येईल असा १० सेंटिमीटरचा कोड सनपॅकवर (पन्हळी प्लॅस्टिकच्या पत्र्यावर) लावला. ते अंतर ६०-७० सेंटिमीटरचं, म्हणजे हिशेबाने ७ सेंटिमीटर पुरलं असतं. पण शेअर रिक्षात कडेचा प्रवासी तिरका पाहतो आणि गाडी हलत असते, म्हणून मोठा घेतला.

काय निष्पन्न झालं

नवी पत्रकं वाटल्याच्या पहिल्या दोन दिवसांत जितके फोटो आले तितके आधीच्या सबंध आठवड्यात आले नव्हते. चार भागांत सिडको आणि इंदिरानगर पुढे, गंगापूर रोड मागे. रिक्षाच्या आतले दहा कोड संख्येने किरकोळ, पण तिथून आलेली माणसं पानावर जास्त वेळ थांबत होती. प्रवासात दुसरं काही करायचं नसतं.

मोजणीत एक गफलत पकडावी लागली. पानाच्या भेटी एका संध्याकाळी अचानक वाढल्या आणि बटण दाबणारे वाढले नाहीत. कुणीतरी दुवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. असा दुवा संदेशात टाकला की पूर्वदृश्य (प्रिव्ह्यू) तयार करायला व्हॉट्सअ‍ॅप पान उघडतं आणि तीही भेट म्हणून मोजली जाते. त्यानंतर भेटींचा आकडा बाजूला ठेवून तीनच गोष्टी पाहिल्या: फोटोचं बटण किती जणांनी दाबलं, फोटो किती आले, आणि गल्ल्यावरच्या वहीत "पत्रकावरून" अशी नोंद किती जणांची झाली.

नवी अडचण उत्तरांची आली. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एकच माणूस व्हॉट्सअ‍ॅप सांभाळत होता आणि दुपारचे फोटो रात्री नऊला पाहिले जात होते. तोवर काही जणांनी दुसऱ्या दुकानात मोड दिलीही होती. दुसरी तक्रार भावाची. धातूचा भाव रोज हलतो. तीन-चार जण चार दिवसांपूर्वीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट घेऊन आले आणि तोच भाव मागू लागले. दुकानाने दिलाही, सणाच्या दिवशी वाद नको म्हणून. त्यानंतर प्रत्येक उत्तराच्या शेवटी "आजचा अंदाजे भाव, वजन आणि धातू दुकानात पाहून" अशी ओळ आणि तारीख जाऊ लागली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, पत्रक बिघडलं तेव्हाच "बाहेर आपले कोड किती आहेत, कुणी बनवले, कुणाच्या खात्यावर आहेत" असा एका पानाचा तक्ता करायला हवा होता. अर्ध्या तासाचं काम. ते झालं असतं तर सोनेरी कोडची मुदत आठवडाभर आधी दिसली असती आणि रात्रीची धावपळ टळली असती. कोड दोन ठिकाणी दोन माणसांनी बनवले, हीच मूळ चूक.

दुसरी, प्रेसला फाइल देण्याआधी कोड खऱ्या मापात, खऱ्या कागदावर छापून पाहिला गेला नाही. पडद्यावर सगळ्यांनी तपासला होता. पडद्यावर तो हातभर मोठा, स्वच्छ आणि प्रकाशमान दिसतो. तिथे ११३ घरांचा कोडही चटकन उघडतो.

समईचं काय, यावर डिझायनरचं मत अजून वेगळं आहे. त्याच्या म्हणण्यानुसार २९ बाय २९ घरांचा कोड घेऊन २५ टक्क्यांची पातळी ठेवली तर मधोमध लहानसं चित्र निभावून नेता येतं. हिशेबाने ते बरोबर आहे. २५ अक्षरं तिथे आरामात मावतात आणि २५ मिलिमीटरमध्ये घर ०.८६ मिलिमीटरचं राहतं. आर्ट पेपरवर करून पाहायला हरकत नाही. न्यूजप्रिंटवर शाई पसरण्यातच त्या जादा पातळीचा बराचसा भाग खर्च होतो, म्हणून तिथे चित्र नको असं आम्हाला वाटतं.

फोटो पाठवणाऱ्यांचे नंबर आता दुकानाकडे जमले आहेत. पुढच्या अक्षय्य तृतीयेला त्या सगळ्यांना एकदम जाहिरात पाठवावी अशी पुतण्याची इच्छा होती. लोकांनी नंबर भाव विचारायला दिला होता, जाहिराती घ्यायला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही संमतीशिवाय असा वापर करू नये अशीच आहे. म्हणून भाव कळवतानाच्या उत्तरात "पुढच्या सणाला कळवू का?" ही ओळ घातली आहे. "हो" लिहिणाऱ्यांचीच वेगळी यादी होते.

डोमेनचं नूतनीकरण आणि सुरक्षा प्रमाणपत्र या दोन्हींच्या तारखा गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिल्या आहेत. चार भागांचे दुवे बंद केलेले नाहीत, कारण पत्रकं स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली वर्षभर राहतात. संक्रांतीच्या सुमारास सिडकोच्या कोडवरून एका पितळी बंबाचा फोटो आला, नळीसकट.